शाळूची दोन खाती : दाणा आणि कडबा

भाद्रपद सरता सरता पर्युषण पर्वाची सांगता होते, क्षमापना आटोपते आणि व्यापारी पेढ्यांचे लक्ष पुन्हा बाजाराकडे वळते. नेमक्या याच सुमारास सोलापूर, धाराशिव, लातूर, अहिल्यानगर, सांगली या जिल्ह्यांतील काळ्या रानांत शाळूच्या पेरणीची लगबग सुरू होते. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस जमिनीत मुरलेला असतो आणि त्या मुरलेल्या ओलाव्यावर चार महिन्यांचे पीक काढावयाचे असते. पेरल्यानंतर पाऊस पडेलच याची शाश्वती नसते. तरीही शेतकरी पेरतो, कारण त्या एका पिकावर घरची भाकरी आणि गोठ्यातील चारा अशा दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

रब्बी ज्वारीला प्रदेशपरत्वे शाळू, जोंधळा, तर खानदेशात दादर अशी नावे आहेत. गव्हाकडे आपण केवळ धान्य म्हणून पाहतो. शाळूचे तसे नाही. शाळूचा ताळेबंद दोन खात्यांचा असतो. एका खात्यावर दाणा आणि दुसऱ्यावर कडबा. यांपैकी एकाच खात्याकडे पाहून नफा-तोटा काढला तर हिशेब चुकतो. गेल्या काही दशकांत तो नेमका असाच चुकत आला आहे. शाळूचे क्षेत्र का आटत आहे आणि उन्हाळ्यात कडबा सोन्याच्या भावाने का घ्यावा लागतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या चुकलेल्या हिशेबात सापडतात. धान्याचा व्यापार करणाऱ्या आणि पांजरपोळांचा भार वाहणाऱ्या आपल्या समाजातील कुटुंबांना हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

मालदांडीचे घराणे

शाळूच्या वाणांत 'मालदांडी' हे नाव सर्वांत जुने आणि सर्वांत मानाचे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील कृषी संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने जो वाण सिद्ध झाला, तो 'मालदांडी ३५-१' अर्थात 'एम ३५-१' या नावाने ओळखला जातो. तो काळ १९३० च्या दशकाचा. त्याच दशकात, १९३३ साली, सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला प्रारंभ झाला होता. एन. व्ही. कानिटकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी कमी पावसाच्या प्रदेशात पावसाचा थेंब जमिनीतच कसा जिरवावा याचा पद्धतशीर अभ्यास तेथे केला. शाळूच्या आजच्या लागवड पद्धतीची मुळे त्या अभ्यासात आहेत.

त्यानंतर देशात संकरित ज्वारीचे युग आले. १९६४ साली 'सीएसएच-१' हा पहिला संकरित वाण प्रसारित झाला आणि खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो रांगेत उभे राहून घेतली. तिच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली, त्यांना शाळूच्या भाकरीची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही. खरिपात संकरित वाणांनी बाजी मारली, परंतु रब्बीत मालदांडीला ते सहजासहजी हटवू शकले नाहीत. थंडीत वाढण्याची क्षमता, खोडमाशीला तोंड देण्याची ताकद, ओलाव्याचा ताण सोसण्याची वृत्ती, मोत्यासारखा टपोरा दाणा आणि जनावरांना आवडणारा कडबा हे सारे गुण एकाच वाणात एकत्र सापडणे कठीण होते. त्यामुळे आठ दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही हा वाण शेतात टिकून आहे.

सरकारी हमीभावाच्या यादीतही या वाणाचा मान निराळा आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर करताना 'संकरित' आणि 'मालदांडी' असे दोन स्वतंत्र भाव दिले जातात. २०२४-२५ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये, तर मालदांडीला ३,४२१ रुपये असा भाव होता. हा फरक अवघा ५० रुपयांचा. बाजारपेठेत उत्तम शाळू आणि खरीप ज्वारी यांच्या भावांतील अंतर याहून पुष्कळ मोठे असते, हे धान्याच्या पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मंगळवेढ्याची काळी माती

मंगळवेढा हे शाळूचे माहेर. ज्वारीचे कोठार म्हणून या तालुक्याची ख्याती आहे. बहमनी काळात दुष्काळ पडला असता याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली, अशी परंपरा सांगते. २०१६ साली 'मंगळवेढा ज्वारी'ला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या नावाला आता कायद्याचेही संरक्षण आहे.

येथील जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. पावसाळ्यात ही जमीन पाणी पिऊन फुगते आणि ते दीर्घकाळ धरून ठेवते. खरिपात पाऊस बेभरवशाचा असतो आणि ऐन पावसात या रानात पायही घालता येत नाही. म्हणून शेतकरी पावसाळाभर रान मोकळे ठेवतो, वखरपाळ्या देऊन तण काढतो आणि उताराला आडवे बांध व वाफे घालून पाणी जागेवरच मुरवतो. जमिनीच्या पोटात साठवलेली ही ओल म्हणजे त्याची मुदतठेव. थंडीचे चार महिने पीक त्या ठेवीतून थोडे थोडे काढून घेते.

शाळूचा दाणा पांढराशुभ्र का असतो, याचेही उत्तर या हंगामातच आहे. खरीप ज्वारीचे कणीस भरते तेव्हा अनेकदा पाऊस चालू असतो. त्या ओलीत दाण्यावर बुरशी चढते आणि तो काळवंडतो. शाळूचा दाणा माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत आणि स्वच्छ उन्हात पक्व होतो. त्यामुळे त्याची चकाकी टिकते, तो साठवणुकीतही दमदार राहतो आणि भाकरी पांढरी, मऊ व गोडसर होते.

पेरणी ते काढणी

शाळूच्या शेतीत वेळेला फार महत्त्व आहे. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा शिफारस केलेला काळ. त्याआधी पेरले तर खोडमाशीचा उपद्रव वाढतो. तिची अळी कोवळ्या रोपाचा पोंगा आतून खाते आणि रोप सुकते, याला शेतकरी पोंगेमर म्हणतात. फार उशिरा पेरले तर दाणा भरण्याच्या वेळी जमिनीतील ओल संपलेली असते आणि मुळांवर खडखड्या रोग पडून उभे पीक कोलमडते. दाणाही पोचट राहतो आणि कडबाही हलका पडतो.

हेक्टरी दहा किलो बियाणे पुरेसे होते. काणी रोगाच्या प्रतिबंधासाठी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळतात. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राखतात. दोन चाड्यांची पाभर असेल तर बियाणे आणि खत एकाच वेळी, पण निरनिराळ्या चाड्यांतून पडते. मध्यम जमिनीत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद पेरणीबरोबरच द्यावे, अशी शिफारस आहे. कोरड्या रानात नंतर दिलेले खत पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचतच नाही.

पेरणीनंतरचे सर्वांत मोलाचे काम कोळपणीचे. पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीच्या कोळप्याने पहिली, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने दुसरी आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने तिसरी कोळपणी करतात. थंडी वाढते तशा काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. तिसरी कोळपणी या भेगा बुजवते. तण काढणे हा तिचा गौण हेतू, ओल राखणे हा मुख्य. एखादे संरक्षक पाणी देण्याची सोय असेल, तर पीक पोटरीत येण्याच्या सुमारास दिलेले पाणी दाणा आणि कडबा या दोहोंना उपकारक ठरते.

मार्गशीर्षातील अमावस्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या भागांत वेळ अमावस्या साजरी होते. शेतात कडब्याची कोप उभारतात, भज्जी आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवतात आणि गावातले सारे जण रानात जेवतात. त्या वेळी शाळू माणसाच्या उंचीला आलेला असतो. पुढे कणसे दुधाळ झाली की हुरड्याचे दिवस येतात, पाखरे राखण्यासाठी माचणे उभी राहतात आणि गोफणी फिरू लागतात.

साधारण १२० दिवसांत मालदांडी काढणीला येते. येथे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. सोलापूरकडे शाळू कापण्याऐवजी अनेक ठिकाणी मुळासकट उपटतात, त्यामुळे बुडख्याचा भागही वाया जात नाही. उपटलेली ताटे रानात वाळवतात, कणसे खुडून खळ्यावर नेतात, मळणी यंत्रातून दाणा काढतात आणि ताटांच्या पेंढ्या बांधून कडब्याची गंज रचतात. उपटणीचे हे काम अतिशय कष्टाचे आहे. हात सोलवटतात, कंबर मोडते. पुष्कळ ठिकाणी याची मजुरी आजही धान्यात देण्याची पद्धत आहे.

चुकलेला हिशेब

या कष्टाला आता माणसे मिळेनाशी झाली आहेत. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो उसाकडे वळला आणि ज्याच्याकडे नाही तो हरभऱ्याकडे. हरभरा बुटका, मजुरी थोडी आणि यंत्राने काढता येण्याजोगा. शाळू टिकवावयाचा तर तोही यंत्राने काढावा, असा सल्ला दिला जातो. परंतु धान्य काढणारे मोठे यंत्र दाणा घेते आणि ताटांचा चुरा रानातच सोडते. दाण्याचे खाते जमेला लागते, कडब्याचे खाते बुडते.

हा तोटा किती मोठा असतो हे एका साध्या आकडेमोडीवरून दिसेल. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल दाणा आला असे धरू. २०२४-२५ च्या हमीभावाने त्याचे १३,६८४ रुपये होतात. मालदांडीत दाण्याच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट कडबा निघतो. मधला आकडा घेतला तर दहा क्विंटल. कडब्याला क्विंटलला ७०० रुपये भाव गृहीत धरला तर ७,००० रुपये. एकूण जमा २०,६८४ रुपये आणि त्यात कडब्याचा वाटा एक तृतीयांश. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी दाणा घटतो आणि कडब्याचा भाव चढतो. म्हणजे धान्याचे खाते तुटीत जाते तेव्हा चाऱ्याचे खाते शेतकऱ्याला सावरते. एका पिकातच निसर्गाने घालून दिलेला हा विमा आहे. केवळ दाण्याचे उत्पादन पाहून वाण निवडणारा हा विमा स्वतःच्या हाताने रद्द करतो.

बुटक्या आणि अधिक दाणा देणाऱ्या वाणांबाबत शेतकरी साशंक राहिला, याचे कारण हेच. अलीकडे राहुरी आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांनी ही दुहेरी गरज ओळखून वाण दिले आहेत. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा, बागायतीसाठी फुले रेवती, तसेच परभणी मोती आणि परभणी ज्योती हे वाण दाण्याबरोबर कडब्याकडेही लक्ष देऊन तयार झालेले आहेत. कोणता वाण घ्यावा याचा निर्णय जमिनीच्या खोलीवरून करावयाचा असतो. भारी जमिनीचा वाण मुरमाड रानात पेरला तर दोष वाणाचा नसतो.

कडब्याची पारख

धान्याची पारख आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यांचा टपोरेपणा, चकाकी आणि खडा जोखणारे जाणते आजही पेढ्यांवर भेटतात. कडब्याची पारख मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. हैदराबादच्या चारा बाजारात झालेल्या अभ्यासात असे आढळून आले, की जनावरांना अधिक पचणाऱ्या कडब्याला ग्राहक जास्त भाव देतात. प्रयोगशाळेत न जाताही अनुभवी डोळ्याला हा फरक दिसतो.

उत्तम कडब्याची पाने ताटाला धरून असतात, रंगात हिरवटपणाची झाक राहते आणि ताट दाताने चावले तर किंचित गोड लागते. पावसात भिजलेला कडबा काळपट होतो आणि त्याला कुबट वास येतो. पिकावर माव्याचा चिकटा पडला असेल तर पानांवर काळी बुरशी धरते, असा कडबा जनावरे टाकून देतात. पेंढी केवळ संख्येने मोजून न घेता काही पेंढ्या वजन करून पाहाव्यात, कारण शंभर पेंढ्यांचे वजन गावागणिक बदलते.

कडब्याची कुट्टी करून घातली तर नासाडी पुष्कळ कमी होते. अख्खे ताट घातले की जनावर पाने खाते आणि बुडखा तुडवते. कडब्यात प्रथिने अल्प असतात, म्हणून त्याच्या जोडीला हिरवा द्विदल चारा, भुसा किंवा पेंड आणि मीठ-खनिज मिश्रण द्यावे लागते. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने सुकू लागलेली हिरवी ज्वारी जनावराला कदापि घालू नये. त्या अवस्थेत ताटात विषारी द्रव्य असते आणि ते खाल्लेले जनावर तासाभरातही दगावू शकते. शेतकरी याला किराळ लागणे म्हणतात. पूर्ण पक्व होऊन नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका राहत नाही.

पांजरपोळांचा उन्हाळा

१९७२, २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत जनावरांची काय दैना झाली आणि चारा छावण्या कशा उघडाव्या लागल्या, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अशा वर्षी पांजरपोळांकडे जनावरांचा ओघ वाढतो आणि नेमका त्याच वेळी चारा दुर्मिळ होतो. देणग्या येतात, दातृत्वाला कमतरता नसते, परंतु ज्येष्ठात दिलेल्या रुपयाला फाल्गुनातल्या रुपयाइतका कडबा मिळत नाही.

एका भाकड गाईला दिवसाला सहा किलो कोरडा चारा धरला तर शंभर जनावरांना महिन्याला १८ टन चारा लागतो. चैत्रापासून आषाढापर्यंतच्या चार महिन्यांना ७२ टन. एकरी एक टन या वरच्याच हिशेबाने हे ७२ एकर शाळूचे उत्पन्न झाले. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, तर चाऱ्याची तरतूद उन्हाळ्यातील वर्गणीवर सोडण्याजोगी नाही हे उमगते. ती आश्विनातच, पेरणीच्या वेळी करावी लागते.

यात व्यापारी कुटुंबांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, पांजरपोळाच्या विश्वस्तांनी परिसरातील शाळू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांशी पेरणीच्या वेळीच कडब्याचा लेखी करार करावा आणि ठरलेल्या रकमेचा काही भाग काढणीपूर्वी द्यावा. उपटणीची मजुरी हीच शेतकऱ्याची मोठी अडचण असते. ती रक्कम वेळेवर हाती पडली तर तो यंत्राच्या मोहात न पडता कडबा राखतो. दुसरी गोष्ट, फाल्गुनात स्वस्ताईच्या दिवसांत खरेदी करून कडब्याची गंज उंचवट्यावर, जमिनीपासून वर उचलून आणि वरून झाकून रचावी. आगीचा धोका ध्यानी घेऊन एका मोठ्या गंजीऐवजी अंतर ठेवून दोन-तीन गंजी कराव्यात. तिसरी गोष्ट धान्याच्या व्यापाराची. मंगळवेढ्याच्या नावाखाली भलत्याच प्रांताची ज्वारी विकणे ही ग्राहकाची आणि शेतकऱ्याची, दोघांचीही फसवणूक आहे. मालदांडीची थप्पी वेगळी ठेवावी, पोत्यावर गाव आणि हंगाम लिहावा आणि चांगल्या मालाला त्याचा भाव उघडपणे द्यावा. अचौर्य हे व्रत काट्यावर आणि पोत्यावरही पाळावयाचे असते.

घरच्या बेगमीविषयी एक व्यावहारिक सूचना. शाळू फाल्गुन-चैत्रात घ्यावा, दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, दाणा दाताखाली कडकन फुटेल इतका वाळल्यावर थंड करून कोरड्या कोठीत भरावा आणि थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. धान्यात ओल नसली की कीड धरत नाही आणि कीड धरली नाही की ती मारण्यासाठी विषारी गोळ्या ठेवण्याचा प्रसंगही येत नाही. आरोग्य आणि जीवदया या दोन्ही दृष्टींनी आधीची ही काळजी श्रेयस्कर.

२०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरांतील भोजनगृहांतून ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. ती प्रतिष्ठा ताटातल्या भाकरीपुरती राहिली तर शाळूचे क्षेत्र सावरणार नाही. भाकरी घेणाऱ्याने दाण्याला आणि गाय पाळणाऱ्याने कडब्याला रास्त मोल दिले, तर दोन्ही खाती मिळून शेतकऱ्याचा ताळेबंद जुळेल. यंदा हस्ताचा पाऊस पडेल, वाफसा येईल आणि काळ्या रानात पाभरी चालू लागतील. पांजरपोळाच्या हिशेबवहीत चाऱ्याचे पान उघडण्याचा मुहूर्त तोच.